सुती कपड्याचा नियम

आमच्या घरात मरणाबद्दल जेवताना बोलायची सवय होती. शेजारपाजारच्या घरांत जेवताना पगार, ओव्हरटाइम, मुलांचे मार्क हे विषय निघत. आमच्याकडे पप्पा ताटावर बसले की दफनभूमीतली कुठली ओळ भरत आली, कुठल्या खड्ड्यात हातभर खोलीवरच पाणी लागलं, कुणी न विचारता थडग्यावर लादी बसवून घेतली, हे सगळं भात कालवता कालवता सांगत. आई म्हणायची, "अवो, निदान मासा तरी पोटात जाऊ द्या, मग पुरा सगळ्यांना." आणि माझा भाऊ लॉरेन्स, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, ताटात तोंड घालून हसायचा. आम्हांला त्यात भीतीचं काही वाटत नसे. मला तर लहानपणी वाटायचं, दफनभूमी म्हणजे पप्पांचं शेतच आहे. तुकारामकाकांचं पोशीरला आहे तसं.

तुकारामकाका आणि शेवंताकाकू म्हणजे आमचे मोहोपाड्याच्या वसाहतीतले भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. काका पप्पांबरोबर एकाच कारखान्यात. त्यांचं मूळ घर पोशीरला, तिथून नव्या तांदळाचं पोतं यायचं आणि त्यातला डबाभर तांदूळ सगळ्यांत आधी आमच्याकडे. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. पप्पांना इथे नोकरी लागली म्हणून आलो आणि इथलेच झालो. घरात आई वसईच्या वळणाचं बोलायची, बाहेर आम्ही पोरं "नाय रं", "काय करतं गं" असं सगळ्यांसारखं. कारखान्याचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. वाऱ्याची दिशा बदलली की वसाहतीत कुजक्या अंड्यांसारखा, कधी सडलेल्या फळासारखा गोडूस वास यायचा आणि वाळत घातलेले कपडे बायका धावत आत घ्यायच्या. आईचा बाटली मसाला मात्र त्या वासालाही पुरून उरत असे. वर्षाचा मसाला ती उन्हाळ्यात भाजायची, कुटून घ्यायची, आणि बियरच्या रंगीत बाटल्यांत काठीनं ठासून भरायची. शेवंताकाकू नाकाला पदर लावून दारात उभ्या राहत. "रोजाबाय, तुमी मसाला करताव का आमाला मारताव?" असं म्हणत आणि जाताना अर्धी बाटली घेऊन जात.

खोपोलीपासून कर्जतपर्यंत आणि इकडे मोहोपाड्यापर्यंत पसरलेली आमची धर्मग्रामसभा, म्हणजे एका चर्चखालची सगळी वस्ती, मिळून मूठभर घरं. चर्च लहान, आणि दफनभूमी त्याहून लहान. ती चर्चपासून लांब, कुंभिवलीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की लागायची. तीन बाजूंना भाताची खाचरं आणि चौथ्या बाजूला एका गोदामाची भिंत. माती चिकण. पावसाळ्यात खाचरांतलं पाणी कुंपणाखालून आत झिरपायचं. एवढ्याशा जागेत सगळ्यांना कायमचं पुरणं शक्य नव्हतं. म्हणून नियम होता तो सगळ्यांना माहीत होता: तीन वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं काढून कोपऱ्यातल्या अस्थिकुंडात ठेवायची, आणि तीच जागा पुढच्याला द्यायची. मुंबईच्या बऱ्याच चर्चमध्येही असंच करतात. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. आम्हांला बसत नसे. "मातीचं मातीला मिळालं की जागेचा हक्क संपला," असं पप्पा म्हणत.

पप्पांचं नाव बस्त्याव. दफनभूमीची देखरेख फादरांनी त्यांच्याकडे दिली होती, कारण एकदा एक थडगं उघडलं तेव्हा आतली पॉलिश केलेली जाड लाकडाची पेटी जशीच्या तशी निघाली होती आणि बाहेर पुढचं प्रेत उन्हात ताटकळत होतं. त्यानंतर पप्पांनी आणखी नियम ठरवून घेतले. पेटी साध्या पातळ फळ्यांची, रंग-पॉलिश नाही. प्लास्टिकची फुलं नाहीत. वर सिमेंट नाही, मातीचाच उंचवटा आणि लाकडी क्रूस. आणि मृताच्या अंगावर फक्त सुती कपडा. नायलॉन, टेरिलीन काही नाही, कारण ते कुजत नाही आणि माणसालाही कुजू देत नाही. फाटकावर पत्र्याचा फलक लावून पप्पांनी हे स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की ते अधूनमधून उभे राहून वाचूनही दाखवत. त्यांचा आवाज जाड होता, आणि वाचताना ते कुणाकडे बघत नसत.

आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे कधीच निघून गेले आहे, आणि मला वाटतं, पप्पा कठोर नव्हते, त्यांना फक्त अन्यायाची भीती वाटायची. एकाला सूट दिली की दुसऱ्याचं काय, हा प्रश्न त्यांना झोपू देत नसे. पण ज्यांच्यावर नियम येऊन पडतो त्यांना यातला फरक कळत नाही. कळायचं कारणही नाही.

आग्नेसबाईंचं तसंच झालं. त्या खोपोलीच्या, नवरा कागद गिरणीत. तो छातीत कळ येऊन गेला तेव्हा त्यांनी त्याला लग्नातला सूट घातला. चकचकीत टेरिलीनचा, राखाडी. पेटी टेंपोतून दफनभूमीच्या फाटकाशी आली, आणि शेवटचं दर्शन घ्यायला झाकण उघडल्यावर पप्पांनी तो पाहिला. त्यांच्या पिशवीत एक पांढरा सुती लेंगा-सदरा कायम असे, असल्या प्रसंगासाठी स्वतःच्या पैशानं शिवून ठेवलेला. त्यांनी तो काढला आणि हळूच म्हणाले, "बाई, कपडे बदलावे लागतील." आग्नेसबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढं एक राहू दे. यातच माझं लग्न लागलं." पप्पांनी मान खाली घातली आणि लेंगा-सदरा पुढे धरून तसेच उभे राहिले. फाटकाजवळच्या हत्यारांच्या खोलीत पेटी नेली. आईनं दारावर चादर धरली, आत पप्पा आणि मयताचा भाऊ. मी आईला बिलगून बाहेर उभी होते. आग्नेसबाई मोठ्यानं रडत नव्हत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "उघडं नका पाडू त्याला, उघडं नका पाडू." आई त्या दिवशी घरी आली ती थेट चुलीपाशी गेली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या मातीला एक सूट जड झाला का वो?" पप्पा म्हणाले, "मातीला नाही. पुढच्या माणसाला."

लॉरेन्सदादाला कारखान्यात अप्रेंटिसची जागा मिळाली तेव्हा आमच्या घरी जणू नाताळ दुसऱ्यांदा आला. आईनं फुगे तळले. ते नुसत्या हवेचे गोल गोळे, दादा एकावेळी दोन तोंडात कोंबायचा. पहिल्या पगारात त्यानं पनवेलहून आकाशी रंगाचं टेरिलीनचं कापड आणलं आणि शर्ट शिवून घेतला. मोठी कॉलर, दोन खिसे. तो त्यानं घालून आरशात पाहिला, आईला दाखवला आणि पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवला. "नाताळला घालीन," म्हणाला. आईनं त्याला चिडवलं, "नाताळला का पोरगी बघायला?" तो लाजून बाहेर पळाला. दाराबाहेर शेवंताकाकू होत्या, त्यांना जाऊन धडकला.

पावसाळा सरता सरता त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्न समोर आणलं की उलटी. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उसाचा रस सांगितला. शेवंताकाकू नेरळकडच्या एका माणसाकडून काविळीची माळ घेऊन आल्या, कसल्याशा मुळीच्या तुकड्यांची, डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. कावीळ उतरते तशी ती लांब होते आणि गळ्यात येते म्हणे. पप्पा नाक मुरडत म्हणाले, "हे असलं आपल्यात चालत नाही." आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माळ घेतली आणि दादाच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत होती. ती कानापर्यंत आली, मग हनुवटीपर्यंत. आई आम्हांला रोज बोलावून दाखवायची, "बघ, उतरतंय." आणि दादा मात्र रोज अधिक झोपत चालला होता. एका दुपारी त्यानं मला नावानं ओळखलं नाही. मला "आई" म्हणाला. मग कारखान्याच्या गाडीतून त्याला पनवेलला नेलं, आणि तिथून तो पेटीतूनच परत आला.

त्याला घरी आणलं तेव्हा आईनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. मला ठेवलं. कोमट पाण्यानं तिनं त्याचं अंग पुसलं, केस विंचरले. मग ट्रंक उघडून तो आकाशी शर्ट काढला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवून मला गप्प केलं. दादाचे हात जड झाले होते, बाह्या चढवायला आम्हां दोघींनाही जोर लावावा लागला. बटणं तिनं वरपासून लावली, कॉलर सारखी केली, आणि मागे सरून त्याच्याकडे पाहिलं, जशी तो पहिल्यांदा घालून समोर उभा राहिला होता तेव्हा पाहत होती. तेवढ्यात पप्पा आत आले.

ते दारातच थांबले. त्यांच्या हातात तो पांढरा लेंगा-सदरा होता. नवा. कुठल्या तरी मयतासाठी ठेवलेला.

"रोजा," ते म्हणाले, "हा नाही चालणार."

"काढा मग," आई म्हणाली. "तुमच्या हातानं काढा."

पप्पा जवळ आले. कॉलरच्या बटणाला त्यांनी हात लावला आणि हात तिथेच राहिला. बाहेर बायका जपमाळ म्हणत होत्या, नमो मारिया, कृपापूर्णे, तेच तेच, आणि पप्पांचे ओठही सवयीनं त्याबरोबर हलत होते. मग त्यांनी हात काढून घेतला. पांढरी सुती चादर उचलली आणि दादाला पार हनुवटीपर्यंत पांघरली. कॉलरसुद्धा दिसणार नाही अशी. एवढ्या वर्षांत पप्पांनी स्वतःचा नियम मोडलेला मी एकदाच पाहिला, तो हा.

दफनभूमीत झाकण उघडलं तेव्हा लोक एकेक पुढे होऊन दादाच्या कपाळाला हात लावत होते. आग्नेसबाईही आल्या. त्या वाकल्या आणि त्यांच्या हातानं चादर किंचित सरकली. आकाशी कॉलर दिसली. त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा खड्ड्याच्या काठाला उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की आता ही बाई जे बोलेल ते ऐकायला हा माणूस तयार आहे. आग्नेसबाईंनी चादर पुन्हा वर ओढली, बाळाला पांघरतात तशी दोन्ही बाजूंनी आत खोचली, आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. पुढे कितीतरी वर्षं पप्पा त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघत.

आमच्यात मयताच्या घरी काही दिवस चूल पेटत नाही. वसाहतीतल्या घरांतून डबे यायचे. शेवंताकाकू सकाळी पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी आणायच्या, आईपुढे बसून स्वतःच्या हातानं दोन घास भरवायच्या. "खा गं बाय, पोटाला नाय म्हनू नको." आईनं काळं नेसायला घेतलं ते शेवटपर्यंत उतरवलं नाही. वर्ष संपल्यावर लोक म्हणाले, आता पुरे. ती म्हणाली, "मला हेच बरं दिसतं." दर रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही टेंपो नाहीतर एसटी पकडून कुंभिवलीला जायचो. आई उंचवट्यावरचं गवत उपटायची, मेणबत्ती लावायची, आणि मातीवर तळहात टेकवून बसायची. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळी थडगी झेंडूनं भरायची, फादर पाणी शिंपडत फिरायचे, आणि तेवढा एक दिवस मला वाटायचं की आई बरी होईल.

तीन वर्षं झाली. कर्जतचे एक म्हातारे गृहस्थ वारले आणि जागा कुठेच नव्हती. ओळीनं पुढची पाळी दादाची होती. फादर स्वतः आमच्या घरी आले. आमचे फादर वयस्कर, दम्याचे, जिना चढून आले की बराच वेळ बोलू शकत नसत. ते म्हणाले, "बस्त्याव, ही एक सोडून पुढची उघडू. कुणी काही म्हणणार नाही."

"पुढच्यातही कुणाचं तरी माणूसच आहे, फादर," पप्पा म्हणाले. "त्यांची वेळ झालेली नाही. माझ्या मुलाची झाली आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी येणार," ती म्हणाली. फादर म्हणाले, "बाई, आयांनी नसतं यायचं." आई म्हणाली, "त्याला आत ठेवताना होते. काढतानाही असेन."

सकाळची वेळ होती. दव पडलेलं. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते खुंट. खड्डे खणायला कुंभिवलीकडचाच धर्मा नावाचा शेतकरी यायचा, दादाचा खड्डाही त्यानंच खणला होता. तो फावडं मारू लागला. मी आईचा दंड धरून उभी होते. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात. सुरुवातीला नुसती मातीच येत होती, काळपट, ओली, फावड्याला चिकटणारी. मग कुजलेल्या फळ्यांचे तुकडे. मग धर्मा थांबला. त्यानं वर पाहिलं. "भाऊ," तो म्हणाला, "बायला मागं न्या."

"काय झालं?"

"अजून हाय."

आई पुढे झाली. मी तिला मागे ओढलं, पण ती वाकलीच, आणि तिच्याबरोबर मीही. मी काय पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. चादर गेली होती. तो रंग तेवढा सांगते: चिखलातही तो शर्ट आकाशीच होता. आणि शर्टाच्या आत माझा भाऊ अजून पुरता गेला नव्हता. चिकण माती, पाणी आणि ते कापड, तिघांनी मिळून त्याला धरून ठेवलं होतं.

धर्मानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. म्हणाला, "परत झाकू. पन कापड काडल्याबिगर माती घेनार नाय. पुडच्या खेपेला बी असंच निघंल." त्याच्या आवाजात काही नव्हतं, नुसती दया होती. "मी काडतो, भाऊ. तुमी जा."

"तू वर ये," पप्पा म्हणाले. त्यांनी धर्माच्या कमरेची कोयती घेतली, चपला काढल्या, आणि खड्ड्यात उतरले.

मला वाटलं, आता आई किंचाळेल. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात काठाला टेकवून, आणि अगदी शांत, जसा आजारी मुलाला उठवताना असतो तशा आवाजात म्हणाली, "हळू. हळू हो. उजवी बाही आधी काढा. त्याला उजवीकडून काढायची सवय आहे." पप्पांनी खालून "हो" म्हटलं. कापड फाटल्याचा आवाज आला. नव्या कापडासारखा, करकरीत. आई सांगत राहिली आणि पप्पा हो हो म्हणत राहिले. त्या दोघांना एकमेकांशी इतक्या मऊपणे बोलताना मी त्याआधीही फारसं ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतर तर कधीच नाही.

कर्जतच्या त्या म्हाताऱ्यांना शेवटी कुंपणाच्या कडेला, पायवाट खोदून जागा दिली. पप्पांनी त्याच आठवड्यात देखरेख सोडली. दादाचं थडगं नंतर पुन्हा उघडलं तेव्हा पप्पा एकटेच गेले. दुपारी परत आले, मोरीत खूप वेळ अंघोळ केली, आणि ओल्या अंगानंच बाहेर येऊन म्हणाले, "झालं." आई तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं नाही. त्या संध्याकाळी कुणी जेवलं की नाही मला आठवत नाही. माझं लग्न झाल्यावर आणि आई गेल्यावर काही वर्षांनी पप्पाही त्याच दफनभूमीत गेले, सुती लेंगा-सदऱ्यात. त्यांची हाडंही आता तिथल्या अस्थिकुंडात आहेत, दादाच्या हाडांत मिसळलेली. मी तिथे गेले की कुणासाठी प्रार्थना करते आहे हे मला नीट ठरवता येत नाही.

पण आईचं सांगायचं राहिलं. त्या सकाळनंतर तिनं घरातले नायलॉनचे, टेरिलीनचे सगळे कपडे शोधून काढले. पडदे, उशीचे अभ्रे, स्वतःच्या दोन साड्या, पप्पांच्या विजारी, सगळं बोहारणीला देऊन टाकलं, बदल्यात भांडंही न घेता. माझा शाळेचा गणवेश टेरिकॉटचा होता, त्याऐवजी तिनं मला सुती शिवून दिला. तो तासाभरात चुरगळायचा आणि बाई मला वर्गात उभं करायच्या. मी आईला कधी सांगितलं नाही. मी झोपले की ती येऊन माझ्या अंगावरचं कापड बोटांत धरून चोळून बघायची. मला जाग यायची, मी डोळे मिटून पडून राहायची. एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "मीच अडकवून ठेवलं त्याला." मी उठून बसले. म्हटलं, "आई, तसं नसतं गं. तो तर देवाकडे केव्हाच गेला." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पाहिलंस ना? मग?" फादर आले, खूप बोलले, आत्मा आणि शरीर, पुनरुत्थान. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. शेवटी एवढंच विचारलं, "फादर, शर्ट काढल्यावर त्याला गार लागलं असेल का?" फादर रडले. त्यांना दम्याची उबळ आली आणि पप्पांनी त्यांना धरून खाली नेलं.

चर्चला जाणं तिनं हळूहळू सोडलं. बाटली मसाला करणंही. शेवंताकाकू म्हणायच्या, "रोजाबाय, तुमचा मसाला नाय तर वस्ती आंधळी झाली." ती हसायचं म्हणून हसायची. दुखणं असं काही नव्हतं, तिनं खाणं कमी करत नेलं एवढंच. मी कॉलेज संपवून नोकरीला लागले त्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. एके दिवशी मला आणि शेवंताकाकूंना जवळ बोलावून म्हणाली, "मला त्या मातीत नको. मला जाळा. एकदाच काय ते होऊ दे. आणि माझी राखसुद्धा तिथे नेऊ नका." काकू तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. पप्पा पलीकडच्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले नाहीत.

ती गेली तेव्हा फादर म्हणाले, "दहनाला चर्चची आता मनाई नाही, बस्त्याव. पण राख विखरायची नाही. ती आपल्या दफनभूमीतच ठेवायची. तेवढं पाळावं लागेल." पप्पा म्हणाले, "हो, फादर." घरी मिस्सा झाला, आणि पाताळगंगेच्या काठच्या स्मशानात तुकारामकाकांनी आणि त्यांच्या पोशीरच्या भाऊबंदांनी लाकडं रचली. आमच्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. पप्पांना अग्नी द्यायला सांगितलं तेव्हा ते कुठे उभं राहायचं ते विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख गोळा करायला आम्ही तिघंच गेलो. पप्पा, मी आणि तुकारामकाका. मडकं भरलं. काकांनी पप्पांकडे पाहिलं, "चर्चात न्यायाची ना?" पप्पा मडकं उचलून नदीकडे चालू लागले. गुडघाभर पाण्यात गेले, मडकं तिरकं केलं. पाण्यावर वरच्या बाजूच्या कारखान्यांचा पिवळट फेस तरंगत होता. राख त्या फेसावर क्षणभर तशीच राहिली, मग एका बाजूनं सरकत सरकत खाली गेली. पप्पा रिकामं मडकं धरून काठाशी येऊन उभे राहिले. काकांनी ते हातातून घेतलं, दगडावर फोडलं आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चल बस्त्याव. आता मागं वळून बगायचं नाय."

"का?" पप्पांनी विचारलं.

"तसा नियम हाय."

पप्पा काकांकडे बघत राहिले. "अजून एक?" ते म्हणाले. आणि जिथे उभे होते तिथेच, पाण्याच्या कडेच्या चिखलात, खाली बसले. दादाच्या वेळी ते रडले नव्हते, त्या खड्ड्यातून वर आल्यावर रडले नव्हते, आदल्या दिवशीही रडले नव्हते. आता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. काका त्यांच्या बाजूला उकिडवे बसले. मी पलीकडच्या बाजूला बसले. आम्ही दोघांनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण ते उठेनात. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, माणसं सायकलींवरून कामाला जाऊ लागली, कुणी कुणी थांबून बघत होती. पप्पा नदीकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांना तिथून वळवायचं कसं हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं.